पुरात लाईट गेली तर गॅसवर चालणारा जनरेटर घ्यावा का? आधी मोटर बघा, मग सिलिंडर, मग किंमत

कोल्हापूर, प्रतिनिधी : पाऊस तोंडावर आला की बाजारात दोन गोष्टींची चौकशी वाढते. एक ताडपत्री आणि दुसरी लाईटची सोय. गेल्या काही वर्षांत या चौकशीत नवीन नाव ऐकू येतंय, ते म्हणजे 'ड्युअल फ्युएल इन्व्हर्टर जनरेटर'. पेट्रोलवरही चालतो, गॅसवरही चालतो, आवाज कमी, वजन कमी, असं दुकानदार सांगतो आणि मोबाईलवरचे व्हिडिओही तेच सांगतात. सांगतात ते बऱ्यापैकी खरं आहे. पण आपल्या घरात, आपल्या पुरात आणि आपल्याकडच्या गॅसच्या नियमात ते कितपत बसतं, हे बघूनच पैसे मोजावेत. त्यासाठी ही माहिती.

लाईट जाते कशी, त्यावर सोय ठरते

आपल्या जिल्ह्यात लाईट जाण्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार तास-दोन तासांचा. दुरुस्ती, बिघाड, वळवाच्या पावसात उडालेला फ्युज. यासाठी जनरेटर लागत नाही. घरातला बॅटरीवरचा इन्व्हर्टर पुरतो.

दुसरा प्रकार राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांतला. वारं आणि पाऊस एकदम सुरू झाला की झाड तारांवर पडतं, खांब वाकतो. लाईन डोंगरातून, झाडीतून गेलेली असते. फॉल्ट सापडायलाच वेळ लागतो. इथं एक ते तीन दिवस अंधार होऊ शकतो.

तिसरा प्रकार महापुराचा. शिरोळ, करवीर, हातकणंगले आणि नदीकाठचा सगळा पट्टा. पाणी डीपीपर्यंत, उपकेंद्रापर्यंत आलं की महावितरण स्वतःहून पुरवठा बंद करतं. ते बरोबरच आहे, कारण पाण्यात करंट उतरला तर माणसं आणि जनावरं मरतात. पाणी ओसरल्यावरसुद्धा लगेच लाईट येत नाही. डीपी, मीटर, पेट्या वाळवून तपासाव्या लागतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी ४३ फूट आहे, म्हणजे बारा फूट पाणी जास्त. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रं पाण्यात गेली. काठावरच्या काही गावांत आठवडाभर लाईट नव्हती.

जनरेटरचा विचार करायचा तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी. तिसऱ्या प्रकारात एक गोष्ट लक्षात ठेवायची. रस्ता बंद झाला की पेट्रोलचा टँकरही येत नाही आणि गॅसची गाडीही येत नाही. पाणी चढायच्या आधी घरात जे इंधन आहे, तेवढंच आपलं.

नावातला 'इन्व्हर्टर' वेगळा आहे

इथं बऱ्याच जणांची गल्लत होते. आपण ज्याला इन्व्हर्टर म्हणतो तो बॅटरीवर चालतो. लाईट असताना भरतो, गेल्यावर देतो. तो वीज तयार करत नाही. 'इन्व्हर्टर जनरेटर' हा जनरेटरच आहे. त्यात इंजिन आहे, सायलेन्सर आहे, धूर आहे. त्यात मोठी बॅटरी नसते.

मग इन्व्हर्टर कशाला म्हणतात? साध्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला ठरावीक, बहुतेक ३००० फेऱ्यांवरच फिरावं लागतं, तरच ५० हर्ट्झची वीज मिळते. एक बल्ब लावला तरी इंजिन तेवढंच पळतं, तेवढंच ओरडतं. लोड बदलला की व्होल्टेज वर-खाली होतं. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनानं तयार केलेली वीज आधी डीसी करतात आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून स्वच्छ २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ करून बाहेर देतात. त्यामुळे लोड कमी असेल तेव्हा इंजिन हळू फिरलं तरी चालतं. आवाज कमी, पेट्रोल कमी आणि टीव्ही, संगणक, मोबाईल, दूध संस्थेतलं फॅट मशीन यांना वीज चांगली मिळते.

याची दुसरी बाजू दुकानात फारशी सांगत नाहीत. मोटर सुरू होताना जो झटका बसतो तो साधा जनरेटर थोडा दबून सोसतो. इन्व्हर्टर जनरेटर आपलं सर्किट वाचवायला झटकन बंद पडतो. म्हणजे टीव्ही-फ्रिजला इन्व्हर्टर जनरेटर उत्तम, पण पाण्याच्या मोटरीला तो जपून निवडावा लागतो.

आधी मोटर बघा

जनरेटर केवढा घ्यायचा हे घरातल्या बल्बवर ठरत नाही, मोटरीवर ठरतं. साधारण हिशोब असा :

- एलईडी बल्ब : ९ वॅट
- साधा पंखा : ७५ वॅट (बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास)
- मोबाईल चार्जर : १० ते २० वॅट
- टीव्ही : ६० ते १०० वॅट
- एका दाराचा फ्रिज : चालताना १०० ते १५० वॅट, सुरू होताना काही पट
- घरातला इन्व्हर्टर चार्ज होताना : ३०० वॅटच्या आसपास
- मिक्सर : ५०० ते ७५० वॅट
- अर्धा एचपी पाण्याची मोटर : चालताना ५५० ते ६०० वॅट
- एक एचपी मोटर : चालताना १००० ते ११०० वॅट
- गिझर, इंडक्शन शेगडी : १२०० ते २००० वॅट

मोटर सुरू होताना पहिल्या क्षणाला चालण्याच्या तीन-चार पट, कधी त्याहून जास्त ओढते. एक एचपीची मोटर चालताना हजार वॅट घेत असली तरी सुरू होताना तीन हजारांच्या पुढे जाते. म्हणून '२ केव्हीएचा जनरेटर आणि १ एचपीची मोटर, सहज चालेल' हा हिशोब कागदावर बसतो आणि अंगणात बसत नाही.

ढोबळ मानानं, मोटर लावायचीच नसेल तर १ ते दीड किलोवॅटचा जनरेटर घराला भरपूर होतो. हौदातलं पाणी टाकीत चढवायला अर्धा एचपी मोटर असेल तर २ केव्हीएच्या आसपासचा बघावा आणि मोटर सुरू करताना फ्रिज बंद ठेवावा. एक एचपीला ३ केव्हीए किंवा वर जावं लागतं. थ्री फेज बोअर, कडबाकुट्टी, दुधाचा मोठा कूलर हे घरगुती जनरेटरचं काम नाही. त्या नादाला लागू नका.

दुकानात जाताना मोटरीवरच्या पाटीचा फोटो काढून न्या. जमलं तर मोटरच गाडीत घालून न्या आणि सुरू करून दाखवा म्हणा. चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही. खोक्यावर दोन आकडे असतात, एक 'मॅक्सिमम' आणि एक 'रेटेड'. मॅक्सिमम काही क्षणांपुरता असतो, तास-दोन तास मिळतो तो रेटेड. गॅसवर चालवताना ताकद पेट्रोलपेक्षा साधारण १० टक्के कमी मिळते, काही मशीनमध्ये त्याहूनही कमी. त्यामुळे गॅसवरचा रेटेड आकडा विचारायचा आणि त्यावरच ठरवायचं. तो आकडा पुस्तिकेत छापलेला नसेल तर दुसरं मशीन बघा.

दोन इंधनांचा फायदा नेमका काय

दोन इंधनांवरचा जनरेटर आपल्याला तसा नवा नाही. पूर्वी लग्नात, यात्रेत, दुकानांपुढे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे छोटे जनरेटर सगळ्यांनी बघितलेत. रेशनचं रॉकेल गेलं आणि ते मागे पडले. आता त्या जागी गॅस आला आहे.

गॅसचा मोठा फायदा म्हणजे तो खराब होत नाही. पेट्रोल खराब होतं. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं इथेनॉल, त्यात वाईट काही नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात कॅनमध्ये दोन-तीन महिने पडून राहिलं की पाणी तळाला बसू शकतं. जनरेटरच्या कार्बोरेटरमध्ये तसंच राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन जेट बुजवतं. वर्षभर कोपऱ्यात पडलेला जनरेटर ऐन पुरात दोरी ओढून ओढून सुरू होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सिलिंडरमधला गॅस मात्र दोन वर्षांनी उघडला तरी तसाच असतो.

साठवण्याचा नियमही आहे. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं आणि तेही घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत किंवा तेलाच्या कॅनमध्ये पेट्रोल ठेवणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही आहे.

सिलिंडर कुठला? इथंच गाडी अडते

'घरात सिलिंडर आहेच, तोच जोडायचा' या हिशोबानं बरेच लोक हा जनरेटर घेतात. पण घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी आहे. जनरेटरला, गाडीला, हॉटेलला लावणं नियमाविरुद्ध आहे. पकडलं तर कारवाई होते. नुसत्या नियमाची गोष्ट सोडली तरी पुरात रस्ता बंद असताना स्वयंपाकाचा गॅस जनरेटरमध्ये जाळून टाकला तर घरात भात कशावर शिजवणार?

म्हणून जनरेटरसाठी वेगळा सिलिंडर हवा. दोन वाटा आहेत. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, नाहीतर तेल कंपन्या खुल्या विक्रीत देतात तो ५ किलोचा छोटा सिलिंडर. जवळच्या एजन्सीत आधी विचारा, तुमच्या गावात कुठला नियमित मिळतो. जो मिळत नाही त्यावर चालणारं मशीन घेऊन उपयोग नाही.

रेग्युलेटरचंही तसंच. शेगडीचा रेग्युलेटर काढून जनरेटरला लावू नका. मशीनसोबत कंपनीनं दिलेला रेग्युलेटर आणि पाईपच वापरा. तो आपल्याकडच्या सिलिंडरच्या तोंडाला बसतो का, हे दुकानातच जोडून बघा. व्हिडिओत दिसणारी बरीच मशीनं अमेरिकेतली आहेत. तिथलं सिलिंडरचं तोंड वेगळं असतं. तिथली वीजही १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. असं मशीन ऑनलाईन स्वस्त मिळालं म्हणून मागवलं तर आपल्या घरात ते निकामी.

सिलिंडर कायम उभा ठेवायचा. आडवा केला की गॅसऐवजी पातळ द्रव पाईपमधून येतो आणि तो धोका आहे. जनरेटरचा लोड जास्त आणि सिलिंडर छोटा असेल तर सिलिंडर गार पडतो, बाहेरून घाम सुटतो आणि प्रेशर कमी होऊन इंजिन गचके खातं. अशा वेळी लोड कमी करायचा. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं किंवा शेक देणं असले उद्योग करायचे नाहीत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे तळघर, खड्डा, बंद खोली इथं सिलिंडर नको.

पूरपट्ट्यासाठी आणखी एक सांगणं. भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यात तरंगतो. पाणी घरात यायची शक्यता असेल तर सिलिंडर आधी माडीवर किंवा स्लॅबवर न्या, नाहीतर दोरानं बांधून ठेवा.

गोबरगॅसवर चालेल का, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात हमखास येतो, कारण गोबरगॅस घरोघरी आहे. उत्तर : हे मशीन थेट चालणार नाही. गोबरगॅसमध्ये मिथेनसोबत कार्बन डायऑक्साईड भरपूर असतो आणि थोडा हायड्रोजन सल्फाईडही असतो, तो इंजिन खातो. त्यासाठी गॅस स्वच्छ करण्याची सोय आणि वेगळं इंजिन लागतं. पाईपच्या गॅसचंही तेच, त्याला जेट वेगळा लागतो.

रात्रंदिवस नाही, दिवसातून तीन तास

जनरेटर घेणाऱ्यांचा सगळ्यात महागडा गैरसमज म्हणजे 'लाईट येईपर्यंत चालू ठेवायचा'. हिशोब करून बघू.

छोट्या इन्व्हर्टर जनरेटरला पूर्ण लोडवर एका युनिटला साधारण ०.६ लिटर पेट्रोल लागतं. पाव लोडवर चालवला तर एका युनिटला लिटरभर. म्हणजे लोड कमी असला की युनिट महाग पडतं. दोन बल्ब आणि एका पंख्यासाठी रात्रभर इंजिन पळवणं म्हणजे पेट्रोल ओतून देणं. चारशे-साडेचारशे वॅटवर रात्रंदिवस चालवला तर रोज १० लिटरच्या पुढे जातो. तीन दिवसांत तुमचा ३० लिटरचा साठा संपला आणि पाणी अजून ओसरलेलं नाही, अशी गत.

आता दुसरी पद्धत. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. त्या वेळात सगळी कामं एकदम करायची : इन्व्हर्टर चार्जिंग ३०० वॅट, फ्रिज १५०, चार मोबाईल ६०, टीव्हीवर बातम्या ८०, चार बल्ब ३६. बेरीज सहाशेच्या थोडी वर. मधेच वीस मिनिटं मोटर लावून टाकी भरून घ्यायची. दिवसाला साधारण दोन युनिट झाले. पेट्रोल पावणेदोन ते दोन लिटर. गॅसवर युनिटला साधारण ०.६ किलो धरला तर दिवसाला सव्वा किलो. म्हणजे ५ किलोचा सिलिंडर चार दिवस आणि १९ किलोचा पंधरा दिवस. मशीन आणि लोडनुसार यात फरक पडतो, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं.

लिटरला शंभरच्या वर पेट्रोल धरलं तर जनरेटरचं एक युनिट ६० ते १०० रुपयांना पडतं. महावितरणच्या बिलापुढे हे कितीतरी पट आहे. म्हणून हे मशीन अडचणीपुरतंच.

बॅटरीबद्दल एक खुलासा. १५० एएचची घरगुती बॅटरी दोन तासांत भरत नाही. बहुतेक इन्व्हर्टर तिला १५ अँपिअरच्या आसपास भरतात, पूर्ण भरायला दहा तास जातात. तीन तास जनरेटर चालवला तर ४० ते ४५ एएच भरते. म्हणजे हातात साधारण ५०० वॅट-तास. त्यावर चार एलईडी बल्ब रात्रभर जातात. पंखा लावला तर चार-साडेचार तासांत संपते. पावसाळ्यात पंख्याशिवाय भागतं, पण डास असतील तर बीएलडीसी पंखा उपयोगाला येतो. बॅटरी आणि जनरेटर एकमेकांची जागा घेत नाहीत, दोघं मिळून काम करतात. घरात इन्व्हर्टर-बॅटरी आधीच असेल तर छोटा जनरेटर पुरतो.

सोलर असलेल्यांनी एक गोष्ट तपासावी. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर बसवलेली बरीच युनिट ग्रीडला जोडलेली, बॅटरी नसलेली आहेत. लाईट गेली की तीही बंद पडतात. लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून मुद्दाम तशी रचना आहे. जनरेटरची जोडणी आणि ग्रीडचं सोलर एकत्र येऊ नये, हे इलेक्ट्रिशियनकडून पक्कं करून घ्या.

ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर माणूस आहे त्यांचा हिशोब वेगळा. ५ लिटरचं मशीन ३०० ते ४०० वॅट सलग घेतं, तीन तासांवर भागत नाही. अशा घरानं नुसत्या जनरेटरच्या भरवशावर राहू नये. ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर जवळ असावा आणि पाणी चढायच्या आधी रुग्णाला कोरड्या गावात, दवाखान्याजवळ हलवावं. ग्रामपंचायतीला, आरोग्य केंद्राला आधीच नाव सांगून ठेवावं.

धूर दिसत नाही, पण मारतो

जनरेटर कितीही भारी असला तरी त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅसवर चालवला तरी तो असतो. 'गॅसचा धूर स्वच्छ' म्हणून घरात चालवणारे इथंच फसतात. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साईडचं तसं नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही.

आपल्याकडे पाऊस असतो म्हणून जनरेटर आत घ्यायचा मोह होतो. सोप्यात, पडवीत, गोठ्यात, दुकानाचं शटर अर्धं ओढून. यातलं काहीही करू नका. गोठ्यात जनावरंही गुदमरतात. पुरात घरची माणसं माडीवर जातात आणि जनरेटर स्लॅबवर जिन्याच्या खोलीत ठेवतात, पाऊस लागत नाही म्हणून. धूर तिथून जिन्यानं सरळ खाली, झोपलेल्या माणसांकडे येऊ शकतो.

जनरेटर उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब. सायलेन्सरचं तोंड घरापासून उलट्या दिशेला. पावसासाठी वर चार खांबांवर पत्रा किंवा ताडपत्री, चारी बाजू मोकळ्या. खाली विटांचा किंवा लाकडाचा कोरडा ओटा. ओल्या हातानं प्लग लावायचा नाही. चालू आणि गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, थंड होऊ द्यायचं. कुणाला डोकेदुखी, चक्कर सुरू झाली तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणायचं, मग मशीन बंद करायचं, मग दवाखाना. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये कार्बन मोनॉक्साईड वाढला की आपोआप बंद होण्याची सोय असते. दोन मशीनमध्ये निवड असेल तर ती सोय असलेलं घ्या.

वायरमनचा जीव तुमच्या स्विचवर

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये जोडायचा, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. घरात लाईट लागते, पण ती मीटरमधून उलटी बाहेरही जाते. डीपी जसा ११ हजार व्होल्टचे २३० करतो, तसाच उलट्या बाजूनं २३० चे ११ हजारही करतो. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तो करंट लागू शकतो. पुरात गुडघाभर पाण्यातून येऊन आपली लाईट जोडणारा माणूस आपल्याच जनरेटरनं मरावा, यापेक्षा वाईट काय?

उपाय साधा आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्यात एका वेळी एकच जोडलं जातं, महावितरण नाहीतर जनरेटर. अर्थिंग आणि ईएलसीबीचंही त्याच वेळी बघून घ्या. बजेट कमी असेल तर जनरेटर एक नंबर लहान घ्या, पण हा खर्च टाळू नका. आणि तोही जमत नसेल तर घराच्या वायरिंगला हात न लावता चांगल्या जाड एक्स्टेन्शन वायरनं फ्रिज, चार्जर, इन्व्हर्टर थेट जोडा.

घ्यायचा कुणी, नको कुणी

शहरात किंवा कोरड्या गावात राहणाऱ्यानं, जिथं दोन-चार तासांवर लाईट जात नाही, तिथं जनरेटर घेऊ नये. बॅटरी चांगली ठेवावी. डोंगरी तालुक्यात, जिथं वर्षातून चार-पाच वेळा दिवसभर अंधार होतो, तिथं आधी दुसऱ्या बॅटरीचा भाव काढावा, मग जनरेटरचा. पूरपट्ट्यात जी घरं पाण्यात जात नाहीत पण चारी बाजूंनी वेढली जातात, त्यांना हे मशीन खरं उपयोगाचं. ज्यांचं घरच पाण्याखाली जातं त्यांना स्थलांतरच करायचं असतं, तिथं जनरेटरपेक्षा वेळेत निघणं महत्त्वाचं.

एकट्यानं न घेता चार घरांनी मिळून किंवा गल्लीतल्या मंडळानं एक ३ केव्हीएचा घेतला तर अधिक परवडतं. एका जागी मोबाईल चार्जिंग, एका मोटरीवर पिण्याचं पाणी, सगळ्यांच्या बॅटऱ्या पाळीपाळीनं. फक्त इंधन कुणाचं, चालवणार कोण आणि दुरुस्ती कोण करणार, हे पाऊस यायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. नंतर वाद नको.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

- पेट्रोलवर रेटेड किती वॅट आणि गॅसवर किती?
- माझी मोटर यावर सुरू करून दाखवाल का?
- २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे ना?
- १ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या धुराची नवी मानकं लागू झाली आहेत. त्यानुसार मंजुरीचं लेबल मशीनवर आहे का?
- गॅसचा रेग्युलेटर सोबत आहे का? आपल्या सिलिंडरला बसतो का?
- सुटे भाग आणि मेकॅनिक कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज यांपैकी कुठं मिळतील?
- पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड मिळेल ना?

घेतल्यानंतर

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं लोड लावून चालवा. ऑईल बघत जा. नव्या मशीनचं पहिलं ऑईल लवकर बदलायचं असतं, पुस्तिकेत तास दिलेले असतात. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. जड मोटर सुरू करण्याआधी 'इको' बटण बंद करा, नाहीतर इंजिन हळू असताना झटका बसून मशीन ट्रिप होतं.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे. राजाराम बंधाऱ्याचा आकडा मोबाईलवर सगळे बघतच असतात. तो ३५ च्या पुढे चालला की जनरेटर एकदा सुरू करून बघा, डबा आणि सिलिंडर भरून घ्या, बॅटऱ्या फुल्ल करा आणि मशीन उंच जागी हलवा. ४३ फुटांना सगळेच पंपावर रांगेत असतात.